शब्दचर्चा: अमेरिकी कैद्याचा दावा आणि ‘नादारी’

प्रश्न: अमेरिकेतला कैदी नागरी हक्कांसाठी तुरुंगाधिकाऱ्यांवर कलम १९८३ (नागरी हक्क डावलणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांवर दावा लावू देणारे संघीय कलम) खाली दावा लावतो, तेव्हा सोबत ‘इन फॉर्मा पॉपरिस’चा, म्हणजे गरिबीमुळे आगाऊ फी न भरता दावा लावू देण्याचा, अर्ज देतो. मराठीत याला ‘नादारी’ म्हणावे का?

उत्तर: नको. नादारी म्हटले की आपल्याला शाळेतली फीमाफी आठवते. कायद्याच्या पुस्तकात तोच शब्द दिवाळखोरीसाठी येतो. इथे दोन्ही अर्थ चुकतात. कैद्यांच्या दाव्यांवर बंधने घालणाऱ्या १९९६ च्या प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्टपासून कैद्याला दाखल फी पुरती भरावीच लागते, सध्या ३५० डॉलर. दावा पहिल्याच छाननीत फेटाळला तरी ते सुटत नाहीत. तुरुंगाबाहेरच्या गरीब वादीला फी खरोखर माफ होऊ शकते, कैद्याला मिळते ती हप्त्यांची सवलत.

हिशेब पाहा. मागच्या ६ महिन्यांत कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यात दरमहा सरासरी ६० डॉलर जमा झाले आणि सरासरी शिल्लक २५ राहिली, तर मोठा आकडा धरून त्याचे २० टक्के, म्हणजे १२ डॉलर, पहिला हप्ता. उरले ३३८. पुढे खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असले की आदल्या महिन्याच्या जमेचे २० टक्के कापून न्यायालयाकडे जातात. दोन दावे असतील तर प्रत्येकाचे वेगळे २० टक्के, मिळून ४० टक्के. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रूस विरुद्ध सॅम्युअल्स (२०१६) या निकालात हे पक्के झाले. खात्यात काहीच नसेल तर मात्र तेवढ्यासाठी दावा अडवता येत नाही.

अर्ज बऱ्याचदा रखडतो तो खातेउताऱ्यापायी. ६ महिन्यांचा आणि तुरुंगाधिकाऱ्याने प्रमाणित केलेला उतारा हवा. त्या काळात तुरुंग बदलला असेल तर प्रत्येक ठिकाणचा. म्हणून मी सरळ ‘हप्त्याने फी भरण्याची परवानगी’ लिहीन. लांब आहे, पण खरे आहे.

पुरवणी प्रश्न: आणि त्याच कायद्यातले ‘एक्झॉश्चन’ (exhaustion)? ‘उपाय संपुष्टात आणणे’ असे वाचले.

दुसरे उत्तर: संपुष्टात येते ते पद, करार, योजना. त्या वाक्यातून तक्रारीची सोयच बंद झाली असे वाटते. अर्थ असा की दावा लावण्याआधी तुरुंगातली तक्रार अपिलाच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेलेली हवी. ‘तक्रारीच्या सर्व पायऱ्या पुऱ्या करणे’ म्हणा, आणि त्यात ‘मुदतीत’ घाला. वुडफर्ड विरुद्ध न्गो (२००६) मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगाची मुदत कामाच्या १५ दिवसांची होती. ती चुकली, म्हणून पायऱ्या पुऱ्या झाल्याच नाहीत असे ठरले. दावा लावून मग तक्रार पुरी करणेही चालत नाही.

पायऱ्यांची ही अट घालणाऱ्या कलमातला ‘उपलब्ध’ हा शब्द मात्र हलका घेऊ नका. रॉस विरुद्ध ब्लेक (२०१६) प्रमाणे तक्रारीची वाट नुसती कागदावर असेल, नियम कुणालाच उमगत नसतील किंवा अधिकारी धमकावून अडवत असतील, तर उपाय उपलब्ध नाही. पायऱ्या अपुऱ्या राहिल्या हे दाखवायचे ओझेही प्रतिवादीवर असते (जोन्स विरुद्ध बॉक, २००७). भाषांतरात ‘उपलब्ध’ गळला तर कैद्याच्या हातची ढालच गेली.

पहिले उत्तर देणाऱ्याकडून: पटले. ‘मुदतीत’ आणि ‘उपलब्ध’, दोन्ही ठेवू: ‘उपलब्ध तक्रार-पायऱ्या मुदतीत पुऱ्या करणे’.