मुरमाड माळावर कोणती झाडं लावू? चारा पण हवा आणि थोडं उत्पन्न पण

माळकरी: नमस्कार मंडळी, आमची माण तालुक्यात दोन एकर माळ आहे, वर वीतभर माती अन खाली मुरूम, आधी बाजरी मटकी व्हायची पण आता पेरणीचा खर्च पण निघत नाही म्हणून पडीकच ठेवलीय, उताराकडची माती तर धुऊनच गेली. घरी गाई आहेत, शेळ्या आहेत, उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागतो. एक नर्सरीवाला मिलिया डुबिया लावा म्हणून मागे लागलाय, लाकूड आम्हीच उचलू म्हणतो. विहिरीला जानेवारीपर्यंतच पाणी. काय करू?

कोरडवाहू: दादा मिलियाच्या नादी लागू नका, ते खोल जमिनीत अन पाण्यावर वाढणारं झाड आहे, तुमच्या मुरमात खुरटून बसेल. झाडाच्या आधी पाणी अडवा. उताराला आडवे समतल चर काढा, चराची माती खालच्या अंगाला टाकून बांध घाला आणि त्या बांधावर गिरिपुष्प लावा. फांद्या रोवण्यापेक्षा बियांपासून केलेली रोपं लावा, त्यांचं मूळ खोल जातं, कमी पावसात तगतात. शेंगवर्गीय झाड आहे, मुळावरच्या गाठींत हवेतला नत्र धरतं, कोवळा पाला छाटून जमिनीवर पसरला की पटकन कुजतो. जमीन सुधारायला याच्याइतकं स्वस्त काही नाही असं माझं ठाम मत.

शेळीपालन_ताई: चाऱ्याला सुबाभूळ चालेल, पण त्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर जनावरांचे केस गळतात. शेंगा वाळायच्या आत कापत रहा, बी पडलं की रानभर उगवते. आणि अंजन विसरू नका, सुरुवातीला फार हळू वाढतं पण मुरमात टिकतं अन पाला जनावरं आवडीने खातात. फक्त अंजन, साग, चिंच, आंबा ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतात, तोडायची तर परवानगी लागते हे आधीच माहीत असू द्या.

माळकरी: ताई खूप आभार. उत्पन्नासाठी काय? आणि गावात मोकाट जनावरं लय आहेत.

कोरडवाहू: सीताफळ लावा, 5 बाय 5 मीटरवर, त्याच्या पाल्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. बोर लावायचं तर रोप आणू नका, गावठी बोराचं बी जागेवरच टोका आणि खोड पेन्सिलीएवढं झालं की त्यावर उमराण या बोराच्या जातीचा डोळा भरून (कलम करून) घ्या, सोटमूळ तुटत नाही त्यामुळे दुष्काळातही झाड उभं राहतं. बोर आणि सुबाभळीला मात्र पहिली दोन वर्षं काटेरी फासाचं कुंपण पाहिजेच. मधल्या पट्ट्यात मटकी, हुलगा पेरत रहा, माती उघडी ठेवू नका.

माळकरी: चर आखायला ए-फ्रेम (समपातळी दाखवणारी A आकाराची चौकट) कुणाकडे मिळेल का, की घरीच बनवता येते?

शेळीपालन_ताई: घरीच होते, तीन काठ्या, दोरी आणि ओळंब्याला एक दगड. उन्हाळ्यातच आखून घ्या, पाऊस लागला की रानात पाय ठरत नाही.