पॉम्पेईचं 'होस्टेड एंट्री' तिकीट: बाबांना घेऊन जायचंय, घ्यावं का?

कळंबची_लेक

नमस्कार मंडळी,

आम्ही नेदरलँडला, आइंडहोवनला असतो. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत. आठ दिवस इटली ठरवलीय आणि त्यात बाबांनी एकच गोष्ट मागून घेतलीय, पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते रोमन शहर. रोम राहिलं तरी चालेल म्हणाले.

बाबा इतिहासाचे मास्तर. कळंबला एकतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी सातवीच्या पोरांना एसटीने तेरला न्यायचे. तिथल्या संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटीशी बाई आहे. तिच्यासमोर सगळ्यांना मांडी घालून बसवायचे आणि सांगायचे, "हिची बहीण इटलीत राखेखाली सापडली." एका वर्षी त्या पोरांत मीही होते. आता बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, डावा गुडघा दुखतो, पण त्या बहिणीला बघायचंय हे काही डोक्यातून जात नाही.

मी एका बुकिंग साइटवर 'होस्टेड एंट्री' असं तिकीट घेऊन ठेवलंय, सोमवारी सकाळी साडेनऊचं. पैसे मूळ तिकिटाच्या जवळजवळ दुप्पट. रद्द करायला अजून मुदत आहे. त्यात नक्की काय मिळतं? कुणी आत फिरवून माहिती सांगतं का? रांग खरंच वाचते का? आणि गुडघ्याचं काय करायचं?

आमचा बेत असा: रविवारी रात्री नेपल्सला पोचायचं, सोमवारी पॉम्पेई, मंगळवारी नेपल्स शहर, जमलं तर संग्रहालय, बुधवारी पहाटे परत.

---

बार्शी_लाईट

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गेले होते आणि हेच तिकीट घेतलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

होस्ट म्हणजे गाईड नव्हे. हे आई-बाबांनाही आधीच सांगून ठेवा, कारण माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की ती पाटीवाली मुलगी आता आत येऊन बोलायला लागेल. होतं असं: स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच भेटायची जागा ठरलेली असते. तिथे कंपनीचा माणूस यादीतली नावं बघतो, तिकिटं देतो, दारापर्यंत सोबत येतो, हातात नकाशा ठेवतो. त्याचं काम तिथे संपतं. आत माहिती सांगत फिरायचं तर इटलीत गाईडचा परवाना लागतो, आणि होस्टकडे तो नसतो.

रांग वाचते ती तिकीट खिडकीची. पण तुम्ही स्वतः अधिकृत साइटवरून तिकीट काढलंत तरी ती वाचतेच! बॅग तपासणीच्या रांगेत सगळ्यांसारखंच उभं राहावं लागतं. आमचा होस्ट सव्वीस मिनिटं उशिरा आला. तोवर आई कठड्यावर उन्हात बसून होती. मला जास्तीच्या पैशांपेक्षा त्या सव्वीस मिनिटांचं वाईट वाटलं. सकाळचा पहिला तास हा तिथला सगळ्यात चांगला तास. सहलींचे गट अजून आलेले नसतात आणि फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, उभं राहिलं की टोकाला व्हेसुव्हियस ज्वालामुखी अगदी स्वच्छ दिसतो.

तरी हे तिकीट फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2024 पासून पॉम्पेईत दिवसाला 20,000 जणांनाच सोडतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. अधिकृत साइटवरची तिकिटं संपली असतील आणि तुमची तारीख हलणार नसेल, तर होस्टेड तिकीट हाच मार्ग उरतो. तसं नसेल तर ते पैसे दोन तासांच्या चांगल्या गाईडवर खर्च करा. नावाचं मात्र नीट बघा. आईच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, मी बुकिंगमध्ये ते गाळलं होतं. होस्टने दोनदा ताडून पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचून आधी बेत बदला. तुमच्या बाबांची ती 'बहीण', जिला पॉम्पेईची 'लक्ष्मी' म्हणतात, ती पॉम्पेईत नाहीच. ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि ते मंगळवारी बंद असतं. पॉम्पेईतली नामांकित भित्तिचित्रं, मोझेइक, कांस्याची भांडी हे सगळं बहुतेक तिकडेच नेलेलं आहे. अलेक्झांडरच्या लढाईचं प्रसिद्ध मोझेइक तर पॉम्पेईत ज्या घरात सापडलं तिथे आता त्याची प्रतिकृती आहे. म्हणून सोमवारी संग्रहालय, मंगळवारी पॉम्पेई असं उलटं करा. हा क्रम तसाही चांगला. आधी वस्तू बघितल्या की मग रिकाम्या घरात उभं राहून कुठे काय असेल ते कळतं. आम्ही उलट क्रमाने गेलो, आणि संग्रहालयात आई सारखी म्हणत होती, "अगं, हे त्या घरातलं होतं होय!"

आत काय बघायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतील, मी दोनच जागा सांगते. एक म्हणजे बेकरी. काळ्या लाव्हाच्या दगडाची माणसाच्या छातीएवढी उंच जाती ओळीने उभी आहेत आणि मागे विटांची भट्टी. खालचा दगड शंकूसारखा, वरचा त्यावर टोपीसारखा बसवलेला, वरच्याला दोन्ही बाजूंना चौकोनी खाचा. आईने जात्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "खुंटा कुठंय?" मी सांगितलं की त्या खाचांत लाकूड अडकवून गाढवं फिरवायचे. आईने लहानपणी वैरागला पहाटे उठून दळलेलं आहे. तिने त्या खाचेत हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. (हात लावू नये हे नंतर कळलं, तुम्ही लावू नका.) अशाच एका बेकरीच्या भट्टीत 81 पाव जळून कोळसा झालेले सापडले. इसवी सन 79 मधल्या त्या दिवशी कुणीतरी भट्टी लावली आणि पाव काढायला परत आलंच नाही.

दुसरी जागा म्हणजे अँफिथिएटरच्या बाजूची ती बाग, जिथे 13 जणांचे साचे ठेवलेत. अंगावर पडलेली राख घट्ट झाली, आतली शरीरं गेली आणि तेवढी पोकळी राहिली. 1863 मध्ये फिओरेल्ली या उत्खनन प्रमुखांनी त्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतायची पद्धत सुरू केली. त्या बागेतल्या लोकांत लहान मुलंही आहेत. तिथे जोरजोरात बोलत सेल्फी काढणारे लोक बघून मला फार त्रास झाला. आई हात जोडून उभी राहिली, तेच मला बरोबर वाटलं.

---

पाऊलवाट

गुडघ्याबद्दल. माझं स्वतःचं ऑपरेशन झालेलं आहे, तेव्हा अनुभवाने सांगतो.

होस्टेड तिकिटांची भेटायची जागा बहुतेक स्टेशनच्या बाजूला असते, म्हणजे तुम्ही पोर्ता मरीनाकडून आत जाणार. तिथे सुरुवातीलाच दगडी चढ आहे, आणि तो गुळगुळीत झालेला आहे. दुखऱ्या गुडघ्याने त्या दाराने जाऊ नये. पियाझ्झा अँफितेआत्रो हे दुसरं दार सपाटीवर आहे, आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी केलेला तीन किलोमीटरहून लांब सोपा मार्ग तिथूनच सुरू होतो. स्टेशनपासून ते दार लांब पडतं. टॅक्सी करा, चालत जाऊन बाबांना आधीच थकवू नका.

नेपल्सहून चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल घ्या, सोरेंतोकडे जाणारी. 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी' याच स्टेशनवर उतरा, नुसत्या पॉम्पेई नावाचं दुसरं स्टेशन वेगळं आहे. गाडीत आपल्या लोकलसारखीच गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. 30 × 30 × 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली न्या, आत नळ आहेत. चपला नकोत, बूट हवेत, काठी असेल तर तिच्या टोकाला नवं रबर लावून घ्या.

---

तेरणाकाठ

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. तेरची ती मूर्ती आम्हालाही एका मास्तरांनीच दाखवली होती. मी गोरोबाकाकांच्या गावचा, त्यामुळे थोडं लांबेल.

पॉम्पेईची मूर्ती 1938 मध्ये सापडली, व्हिया देल्लाब्बोंदान्झा या मोठ्या रस्त्यावरच्या एका घरात. उंची साधारण पाव मीटर, म्हणजे एक वीतभर. अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यावर वरून आत भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी असं मानतात. 'लक्ष्मी' हे नाव सापडल्यावर पडलं. आता बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. पायथ्याशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून ती आपल्याकडचीच असं छातीठोक म्हणता येत नाही. पण तेरची मूर्ती तिच्या घडणीची आहे आणि भोकरदनच्या उत्खननातही तसाच हस्तिदंती तुकडा निघाला. ती दख्खनच्या कारागिराच्या हातची आहे असं मला मनापासून वाटतं.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत तगर म्हणजे आपलं तेर आहे, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा. बाबांना पॉम्पेईच्या रस्त्यावर एक गोष्ट जरूर दाखवा: दगडी फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. पायी ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेत, आणि त्या दगडांमधून चाकं जायची. तेरहून निघालेल्या मालाचं एक टोक बैलगाडीच्या चाकोरीत होतं आणि दुसरं त्या दगडी चाकोरीत.

अजून एक. भारत रोमचे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलीय. तोच प्लिनी 79 च्या उद्रेकात लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि स्ताबियाच्या किनाऱ्यावर मेला. बाबांनी हे वर्गात सांगितलं असेलच.

तारखेचंही बघा. 24 ऑगस्ट ही उद्रेकाची तारीख आपण शिकलो, पण 2018 मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरच्या शेवटी झाला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. तुम्ही त्याच दिवसांत जाताय.

आणि एक नाजूक गोष्ट. संग्रहालयात ही मूर्ती 'गुप्त कक्ष' म्हणतात त्या दालनात ठेवलेली असते. तिथे पॉम्पेईतली शृंगारिक चित्रं, मूर्ती असं सगळं आहे. आई-बाबांना आधी सांगा, म्हणजे दारात अवघडल्यासारखं होणार नाही. त्या दिवशी ते दालन उघडं आहे का आणि मूर्ती जागेवर आहे का, हेही संग्रहालयाला आधी मेल करून विचारा. कधीकधी अशा वस्तू प्रदर्शनांना बाहेर जातात.

---

कळंबची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! मंगळवारचं मला माहीतच नव्हतं. एवढं लांब येऊन बंद दारासमोर बाबांना उभं केलं असतं, या विचारानेच कसंतरी झालं.

होस्टेड तिकीट रद्द केलं. अधिकृत साइटवर मंगळवारची तिकिटं मिळाली, चौघांची नावं पासपोर्ट समोर ठेवून भरली. त्याच दिवसासाठी दोन तासांचा गाईडही बघतेय. सोमवारी संग्रहालय. काल त्यांना मेल केलाय. तेरणाकाठ, एक विचारायचं राहिलं: ते घर आतून बघता येतं का? अँफिथिएटरच्या दाराने आत गेलो तर तो रस्ता लागेल ना?

---

तेरणाकाठ

रस्ता लागतो, त्या बाजूने फोरमकडे चालत आलात की ते घर डाव्या हाताला. घर आतून बघायला मिळेल या भरवशावर राहू नका, बरीच घरं कुलूपबंद असतात. रस्त्यावर उभं राहायला कुणी अडवत नाही.

---

बार्शी_लाईट

आणि बाबांना त्या रस्त्यावर घाई करू नका. बसायला पदपथाची कड आहे, सगळे बसतात.

---

कळंबची_लेक

रात्री बाबांशी बोलले. गुप्त कक्षाचं सांगितलं तर म्हणाले, "अगं, मी खजुराहोला शाळेची सहल नेलेला माणूस आहे." पण मूर्ती नेपल्सला आहे हे ऐकल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पोरांना एवढी वर्षं 'पॉम्पेईला आहे' असंच सांगत आलो, ते दुरुस्त करायला हवं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर लगेच लिहूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन एसटीने तेरला जाणार आहेत. निघायच्या आधी इथलीला एकदा नीट बघून घेतो म्हणाले, म्हणजे तिथे गेल्यावर दोघींचे चेहरे जुळवता येतील.