अनुभव धागा: ओठांवरच राहिलेलं ‘आमेन’

विहिरीकाठ
काल मिस्सा (देवळातली उपासना) संपताना दरवर्षीची सूचना झाली, ‘राखेच्या बुधवारआधी घरातल्या जुन्या झावळ्या देवळात आणून द्या.’ झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या या झावळ्या जाळूनच बुधवारी कपाळाला लावायची राख करतात. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, तो पहिला दिवस. राख लावताना म्हणतात, ‘तू माती आहेस, मातीला मिळशील.’ आमच्या वेदीवर एक झावळी आहे २०१९ ची. बाबांनी दुमडून केलेला क्रूस. पुढच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी देऊळच बंद होतं. २०२१ ला राख मिळाली, पण कोरोनामुळे कपाळाला बोट न लावता फादर डोक्यावर चिमूट सोडत होते. बाबांना पूर्ण टक्कल. घरी येईपर्यंत म्हणत होते, ‘माझी घसरली गं, मी काही एवढ्यात मातीला मिळत नाही.’ मे महिन्यात गेले.

तेव्हापासून दर रविवारी जाते, वाचनही करते (यादीत नाव आहे, नाही म्हणवत नाही). पण सगळ्यांनी मिळून म्हणायचं ‘मी विश्वास ठेवतो’ सुरू झालं की ओठ तेवढे हलतात. घरी कुणाला बोलले नाही. आईची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालू असते, तिला काय सांगणार.

तुमचं होतं का असं? उपदेश नको, अनुभव लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट कुणीही. मासे साफ करायचेत, जाते.

नगरी_सलाम
होतं. गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन उपासना. क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. मला चौथा दिला होता, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ चार पानं काढून नेली. त्याच महिन्यात आमचं बाळ गेलं होतं, सातव्या महिन्यात. ओळ वाचली आणि पुढचं एक अक्षर फुटेना. तसाच खाली येऊन बसलो. बाहेर पडताना एक वडीलधारे म्हणाले, ‘बरं केलंस, वेळेत संपवलंस. पाचवाला फार लांबवतो.’
कितीतरी दिवसांनी हसलो त्या दिवशी. बायकोलाही घरी येऊन सांगितलं.

रात्रपाळी
@नगरी_सलाम 🙏 काय लिहू.
मी मिरजेला नर्सिंग केलं, आता पुण्यात आयसीयूला. गळ्यात क्रूस दिसला की नातेवाईक म्हणतात, सिस्टर तुमच्या देवाला सांगा ना. मी हात धरून सांगते. मनात त्या वेळी पोटॅशियमचा रिपोर्ट असतो, खरं सांगते. एका आजोबांची मुलगी नंतर पेढे घेऊन आली, ‘तुमच्या प्रार्थनेने उठले.’ प्रार्थना कसली, वेळेवर डायलिसिस मिळालं. पण पेढा घेतला. नाकारला असता तर तिचं काहीतरी मोडलं असतं. हे खोटं वागणं का, अजून कळलेलं नाही.
बेल वाजली, उरलेलं नंतर.

दोन_दाखले
तुमच्या शंका देवाबद्दल आहेत. माझी स्वतःबद्दल आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्याला नाहीत. शिखांना १९५६ ला मिळाल्या, बौद्धांना १९९० ला, आम्ही तिथेच. आजोबांनी शाळेत ‘हिंदू महार’ लिहिलं, तेच पुढे चालू. रविवारी मी पेटीवर असतो, ‘उपासना संगीत’ची निम्मी गाणी तोंडपाठ. सोमवारी कचेरीत धर्माचा रकाना भरताना पेत्र आणि कोंबडा आठवतो; येशूला ओळखत नाही असं तो तीनदा म्हणाला आणि कोंबडा आरवला. माझा कोंबडा तर दर फॉर्मला आरवतो.
पाळकसाहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, मंडळीतल्या निम्म्यांचं तेच आहे, आणि विषय बदलला. राग त्यांचा नाही आला. गावात विहीर वेगळी होती तेव्हा दाखल्यावर काय लिहिलंय हे कुणी पाहिलं नव्हतं.

नगरी_सलाम
@दोन_दाखले आमच्या घरातही. कुणी मोठ्याने बोलत नाही. तुम्ही बोललात.

तिखट_गोड
मी बाजूचंच विचारते हं. शेजारच्या गणपतीचा प्रसाद घेता का? सासूबाईंचा ठाम नकार, त्यांना बायबलमधलं करिंथकरांचं पत्र तोंडपाठ, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचं. माझी आजी वसईची, ती दोन्ही हातांनी घ्यायची. ‘गूळखोबरं आहे, त्याला काय धर्म?’ मी मधोमध अडकलेय. मोदक जिन्यात खाऊन टाकते 😄

विहिरीकाठ
@तिखट_गोड जिन्यात 😂😂 आणि नाताळला करंज्या शेजारी पाठवतेस ना? त्या कोण कुठे खातं, विचारलंस कधी?

अंजिराखाली
मदर तेरेसांची पत्रं २००७ ला छापून आली तेव्हा मी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) वर्गाला शिकवत होते. जवळजवळ पन्नास वर्षं आत अंधार, आणि बाहेर रोज तेच काम. एका मुलाने विचारलं, ‘टीचर, मग त्या ढोंगी होत्या का?’ मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगते. तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे, माझं उत्तर बाकीच आहे.
विहिरीकाठ, येशू पुन्हा उठला हे जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या संत थोमाला लोक उगाच नावं ठेवतात. बाकीच्या दहा जणांनी जखमा आधीच पाहिल्या होत्या, हे कुणी लक्षात घेत नाही.

जय_ख्रिस्त_७७
सर्वांसाठी प्रार्थना करतो. शंका सैतानाकडून येते, तिला दार उघडू नका. उपवास धरा, साक्ष द्या, चमत्कार होईल.

रात्रपाळी
@जय_ख्रिस्त_७७ भाऊ, राग नको. माझ्या मावशीला असंच कुणीतरी सांगितलं, विश्वास कमी पडतोय म्हणून गाठ जात नाही. तिने गोळ्या बंद केल्या. शेवटचे महिने ती आजारापेक्षा त्या वाक्याने जास्त खचली. धाग्यावर उपदेश नको असं लिहिलंय.

जय_ख्रिस्त_७७
वाईट वाटलं ताई. तसं म्हणायचं नव्हतं. माझा मुलगा तीन वर्षं देवळात येत नाही, म्हणून असं लिहिलं जातं.

रात्रपाळी
@जय_ख्रिस्त_७७ जेवायला येतो ना घरी?

जय_ख्रिस्त_७७
येतो. डोकं झुकवून प्रार्थना होईपर्यंत थांबतो पण.

लाल_माती
एक प्रश्न. २०२० ला झावळ्याच वाटल्या नाहीत तर २०२१ ची राख कशाची केली?

विहिरीकाठ
@लाल_माती हे डोक्यातच आलं नव्हतं! आमच्याकडे बहुतेक आधीची डबीत उरलेली असणार. म्हणजे बाबांच्या टकलावर आणखी जुनी झावळी.
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. आईला आज विचारलं, रोझरी म्हणताना कधी रिकामं वाटतं का. म्हणाली, ‘रोजच. म्हणून तर मणी धरायचे.’ आणि टीव्ही लावला. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल.
झावळी अजून वेदीवर. बुधवारपर्यंत बघते.

तिखट_गोड
करंजीचा विषय निघालाच आहे तर, सारणाला ओलं खोबरं की सुकं? दीर लग्नाचा आहे, लेंटआधी उरकायचंय, दोनशे करंज्या माझ्या माथी.

अंजिराखाली
सुकं. ओलं दोन दिवसांत आंबतं.