मदत हवी आहे: जुने भयपट तरुणांना कसे दाखवावेत?

मंडळी, कॉलेजच्या मुलांसाठी जुन्या भयपटांचे खेळ लावायचेत. १९२२ चा 'नोस्फेराटू' हा रक्तपिपासू पिशाच्चावरचा जर्मन मूकपट पक्का केलाय. जिन्याच्या भिंतीवरून सरकणारी ती लांब नखांची सावली मोठ्या पडद्यावरच बघावी, मोबाइलवर निम्मी मजा जाते.

अडचण प्रतीची आहे. यातले रात्रीचे बरेच प्रसंग दिवसा चित्रित केलेत. त्यावर रात्र भासवणारी निळी छटा नसेल तर पिशाच्च भर उन्हात फिरताना दिसतं, आणि पोरं हसत सुटणार! छटा असलेली चांगली प्रत कुणी दाखवली आहे का? शिवाय मूकपट असल्याने प्रत्येक प्रतीचं संगीत वेगळं, काही तर चक्क झोप आणणारं. वादक बसवून प्रत्यक्ष संगीत केल्याचा अनुभव कुणाला आहे? की आधी हिचकॉकचा बोलपट 'सायको' लावून पोरांना गोडी लावावी?