किशोरवयीन पात्राला मोकळीक कोण देते: जागा की माणसे?

टेकडीकर
कपाट आवरताना भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’चे जुने भाग हाती लागले आणि आवरणे अर्थातच राहून गेले. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश सायकलवर टांग टाकतो तेव्हाच त्याची गोष्ट सुरू होते, कारण रस्ता हीच त्याची मोकळीक आहे. माझे म्हणणे असे की, कथेतल्या किशोरवयीन पात्राला स्वातंत्र्याची जाणीव होते ती मुख्यतः लेखकाने त्याला दिलेल्या जागेमुळे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) मुकुंद आणि त्याचे मित्र अर्धवट बांधून पडलेल्या इमारतीत जाऊन बसतात. ते घर नाही आणि वर्गही नाही, त्यामुळे तिथे कोणाचा धाक नाही. बाहेर आणीबाणी असताना ही मुले तिथे वाटेल ते बोलतात. ती इमारत काढून टाकली, तर मुले आणि त्यांचे वय तेच राहूनही कादंबरीतले निम्मे बोलणे उरणार नाही.

पेठेतली
आपली दोन्ही उदाहरणे मुलग्यांची आहेत, हे बहुधा आपल्या ध्यानात आलेले नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू घ्या. पुण्याच्या सासरी दबून राहिलेली ही मुलगी नवऱ्याबरोबर मुंबईला गेल्यावर खुलते, म्हणजे आपल्या सिद्धान्ताप्रमाणे तिला मुंबईने मोकळे केले. पण नवरा वारल्यावर ती पुन्हा सासरच्या माणसांच्या हाती पडते आणि तिचे केशवपन केले जाते. त्या वेळी मुंबई नकाशावरून पुसली गेलेली नव्हती. गेला होता तो तिला मोकळीक देणारा माणूस. मोकळीक परवानगीतून येते आणि जागा हा त्या परवानगीचा केवळ पत्ता असतो, असे मला वाटते.

टेकडीकर
मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. रघुनाथराव पुण्याच्या त्या घरातही यमूवर प्रेम करतच होते. तरी तिथे, इतक्या माणसांच्या नजरेखाली, त्या प्रेमाला हातपाय हलवायला वाव नव्हता. शिवाय आपल्याकडून काय हिरावले गेले हे यमूला नेमके कळते ते मुंबईचे दिवस अनुभवल्यामुळेच. एरवी तिने पुण्यातले जिणे हेच जगण्याचे रीतसर रूप मानले असते.

पुण्यात उपरा
मी जळगाव जिल्ह्यातून इथे शिकायला आलो आणि पहिल्या वर्षी ज्या खोलीत राहिलो, तिथे रात्री दहानंतर फाटकाला कुलूप लागे. तरीही गावाच्या मानाने ते मला स्वातंत्र्यच वाटले होते. त्यामुळे या चर्चेत ‘कोसला’चे (१९६३) नाव अजून निघाले नाही याचे नवल वाटते. नेमाड्यांच्या पांडुरंग सांगवीकराला पुण्यात जागा मिळाली, वसतिगृह मिळाले, मित्र मिळाले, आणि परवानगीचा तर प्रश्नच नव्हता. वडिलांचे पैसेही येत होते. एवढे सगळे असूनही त्याच्या हाती येते ते रितेपण, आणि शेवटी तो सांगवीला परततो. बनेशचे पुणे आणि पांडुरंगाचे पुणे ही एकाच शहराची रूपे, पण एकाला प्रत्येक वळणावर काहीतरी घडताना दिसते, तर दुसऱ्याला तेच रस्ते निरर्थक वाटू लागतात. तेव्हा जागा किंवा परवानगी यांपैकी एकीच्या पदरात सगळे श्रेय टाकणे मला घाईचे वाटते. पात्राच्या मनाची घडणही मोजावी लागेल.

पेठेतली
मन जरूर मोजा, पण पैसेही मोजा. ते वडिलांचे होते हे आपणच लिहिले आहे. पांडुरंगाला कंटाळून परत जाता येते, कारण मागे शेती आणि घर आहे. यमूच्या बाबतीत परत येणे हीच शिक्षा ठरते.

टेकडीकर
पण सांगवीचे घर आणि शेती याही जागाच झाल्या ना? आपण माझ्याच बाजूने बोलत आहात.

पेठेतली
मुळीच नाही. ते घर कोणाच्या नावावर आहे, याविषयी मी बोलते आहे.