तुलनात्मक लाभ आणि मागणी-पुरवठा: सरावाच्या गणितांत उत्तर उलटं का येतं?

नवा_विद्यार्थी:
समष्टी अर्थशास्त्राच्या सुरुवातीच्या प्रकरणांचा सराव करतोय. व्याख्या येतात, गणितात दोन ठिकाणी अडतं.

एक: 'अ' देश दिवसाला ६ नग कापड किंवा १२ पोती धान्य काढतो, 'ब' देश ४ नग कापड किंवा ४ पोती धान्य. उत्तर आलं, कापड 'ब'ने करावं. ते बरोबर निघालं. पुढच्या गणितात एका नगाला लागणारे तास दिलेत: 'अ'ला कापडाला २, धान्याला १, 'ब'ला दोन्हींना ३-३. तीच रीत लावली तर कापड 'अ'कडे जातं, पण उत्तरसूची 'ब' म्हणते.

दोन: मागणी वाढली की किंमत वाढते, किंमत वाढली की मागणी घटते, मग किंमत पुन्हा उतरायला हवी. ही साखळी थांबते कुठे? आणि मागणी-पुरवठा दोन्ही एकदम वाढले तर उत्तर काय लिहायचं?

तुलनाकार:
तुमची दोन्ही गणितं मुळात एकच आहेत. दिवस १२ तासांचा धरा आणि दुसऱ्या तक्त्यातल्या तासांनी भागा: 'अ'चे ६ कापड किंवा १२ धान्य, 'ब'चे ४ आणि ४. पहिलाच तक्ता परत आला.

गडबड भागाकारात आहे. उत्पादनाचा तक्ता असेल तर कापडाचा वैकल्पिक खर्च (एक कापड करताना सोडावं लागणारं धान्य) = धान्य ÷ कापड, म्हणजे 'अ'साठी १२ ÷ ६ = २ पोती. तासांचा तक्ता असेल तर भागाकार उलटतो: कापडाचे तास ÷ धान्याचे तास = २ ÷ १ = २ पोती. तुम्ही तिथेही १ ÷ २ केलंत, म्हणून अर्धं पोतं आलं. 'ब'चा खर्च दोन्ही रीतींनी १ पोतं. १ हा २ पेक्षा कमी, म्हणून कापड 'ब'चं.

सूत्र पाठ करू नका. प्रत्येक वेळी एक पूर्ण वाक्य लिहा: "एक कापड करायला 'अ'चे २ तास जातात, तेवढ्यात २ पोती धान्य झालं असतं." वाक्य नीट लिहिलं की भागाकार चुकत नाही. आणि 'अ' दोन्ही वस्तूंत वेगवान आहे, हा निरपेक्ष लाभ झाला. कोणी काय करावं हे त्यावरून ठरत नाही, ते तुलनात्मक लाभावरून, म्हणजे कमी वैकल्पिक खर्चावरून ठरतं.

विनिमयाचा दर दोन खर्चांच्या मधे बसतो: एका कापडाला १ ते २ पोती. समजा दीड. 'अ' ३ पोती देऊन २ कापडं घेतो. घरी केली असती तर ४ पोती सोडावी लागली असती. 'ब'ला २ कापडांचे ३ पोती मिळतात, घरी २ च निघाली असती. दोघांनाही एकेक पोतं सुटलं.

नवा_विद्यार्थी:
हे पटलं. पण व्यापाराआधी दोघांनी दिवस अर्धा-अर्धा वाटला तर एकूण ५ कापड, ८ धान्य होतं. पूर्ण विशेषीकरणानंतर ४ कापड, १२ धान्य. कापड तर घटलं. मग लाभ कसा?

तुलनाकार:
महत्त्वाचा प्रश्न आहे, बरीच पाठ्यपुस्तकं इथे आकडे सोयीचे निवडून पुढे सरकतात. एक वस्तू वाढली आणि दुसरी घटली, तर नुसत्या बेरजेवरून लाभ दाखवता येत नाही. एक वस्तू आधीइतकीच ठेवून दुसरी किती वाढते ते पाहा. 'ब'ने दिवसभर कापड करावं: ४. 'अ'ने २ तास कापडाला द्यावेत: १. उरलेल्या १० तासांत १० पोती. एकूण ५ कापड, १० धान्य. कापड तेवढंच, धान्य २ पोती जास्त. 'अ'ने पूर्ण विशेषीकरण केलंच पाहिजे असं नाही.

पुढचा सराव अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोच्या १८१७ मधल्या मूळ आकड्यांवर करा. ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये १०० माणसांचं वर्षभराचं श्रम, मद्याला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९०, मद्याला ८०. हा श्रमाचा तक्ता आहे, तेव्हा भागाकार जपून. मद्याचा खर्च कापडात: इंग्लंड १.२, पोर्तुगाल सुमारे ०.८९.

समतोल_बिंदू:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. साखळी लांबत जाते कारण 'मागणी' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरला जातोय. उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत बदलली की अख्खा वक्र सरकतो: वृद्धी किंवा ऱ्हास. त्या वस्तूचीच किंमत बदलली तर आपण त्याच वक्रावर फिरतो: विस्तार किंवा संकोच.

आकडे घ्या. मागणी = १०० − २ × किंमत, पुरवठा = १० + किंमत. समतोल (मागणी आणि पुरवठा जुळतात ती जागा): किंमत ३०, नग ४०. आता मागणी १५ ने वाढली: ११५ − २ × किंमत. जुन्या ३० ला मागणी ५५, पुरवठा ४०, तुटवडा १५. किंमत चढते तशी मागणी आकुंचन पावत ५५ वरून ४५ वर येते, पुरवठा विस्तारून ४० वरून ४५ वर जातो. ३५ ला दोन्ही जुळले, तुटवडा संपला, साखळी तिथेच थांबली. नवा वक्र मागे आलेलाच नाही.

याच मागणीसोबत पुरवठाही वाढवून पाहा. पुरवठा ६ ने वाढला तर किंमत ३३, नग ४९. १५ ने वाढला तर किंमत ३०, नग ५५. ३० ने वाढला तर किंमत २५, नग ६५. नग प्रत्येक वेळी वाढले. किंमत वाढली, तशीच राहिली, उतरलीही. म्हणून किती सरकलं हे दिलेलं नसेल तर लिहायचं: "नग वाढतील, किंमतीची दिशा अनिश्चित." अंदाजाने दिशा लिहिली की गुण जातात.

आकृतीत किंमत उभ्या अक्षावर असते. त्यामुळे मूळ मागणी वक्र उभ्या अक्षाला ५० वर छेदतो, १०० वर नाही. वक्र 'वर-खाली' सरकला असं म्हणू नका, 'उजवीकडे-डावीकडे' म्हणा. पुरवठा वाढला की रेषा उजवीकडे जाते, आणि डोळ्यांना ती खाली गेल्यासारखी दिसते.

तुलनाकार:
कमाल किंमतीचं (सरकारने ठरवलेल्या वरच्या मर्यादेचं) गणितही याच मूळ समीकरणांवर करा. मर्यादा २० असेल तर मागणी ६०, पुरवठा ३०. प्रत्यक्ष विक्री ३० ची, तुटवडा ३० चा. मर्यादा ४० ठेवली तर काहीच बदलत नाही, कारण बाजार आधीच ३० ला स्थिर आहे.

समतोल_बिंदू:
पुढे एकूण मागणीचा, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेतल्या मागणीचा, वक्र येईल. तोही उजवीकडे उतरतो, पण 'महाग झालं म्हणून लोक दुसरी वस्तू घेतात' हे कारण तिथे चालत नाही, कारण सगळ्याच किंमती एकत्र वाढलेल्या असतात. तिथली कारणं वेगळी: हातातल्या पैशाचं खरं मूल्य घटतं, व्याजदर चढून गुंतवणूक कमी होते, निर्यात महागते.