पणजोबांची पाच मेडलं, पलटण कुठली होती कसं शोधायचं?

लष्करवाला
नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितोय. दिवाळीच्या साफसफाईत पणजीच्या लोखंडी ट्रंकेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पाच मेडलं निघाली, तीन सहा टोकांच्या चांदण्या आणि दोन गोल, रिबिनी कसरीने खाल्ल्यात. लहानपणापासून ऐकतोय की पणजोबा शिंदे सरकारांच्या फौजेत होते आणि बर्मात जपान्यांशी लढले, आजोबा इतक्या खात्रीने सांगायचे की कोणी उलटं विचारलंच नाही. आणि आता चांदण्यांवर इंग्रजीत काय तर एकीवर आफ्रिका, एकीवर इटली, तिसरीवर नुसतं १९३९-१९४५! गोल मेडलपैकी एकावर सिंह, एकावर हिंदुस्थानचा नकाशा. सिंहवालं काकांनी सराफ्यात पॉलिशला दिलंय. पुढे काय करू?

मुरारचे_काका
आधी ते पॉलिश थांबव बाबा, आत्ता फोन कर!! आपल्याकडच्या शिपायांच्या मेडलवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असायची, गोल मेडलच्या कडेवर आणि चांदणीच्या पाठीवर. ब्रिटिश सोल्जरांना दुसऱ्या महायुद्धाची मेडलं कोरीच मिळाली, आपल्यांची नावानिशी. घासलं की अक्षरं गेलीच समज. आणि बर्माचं म्हणशील तर बर्माची चांदणी वेगळी असते, ती यात नाहीच. सरकारांच्या फौजेचं तर काय, ग्वाल्हेरात सगळ्यांचेच पणजोबा सरकारांकडे होते 😄

शिंदेछावणी_ताई
अक्षर पुसट असेल तर मेडल आडवं धरून मोबाइलची टॉर्च एका बाजूने तिरकी मार, समोरून नको. तरी नाही दिसलं तर पातळ कागद कडेवर घट्ट धरून पेन्सिल हलकी फिरव. माझ्या आजेसासऱ्यांचा नंबर असाच निघाला, आम्ही वर्षभर ३ ला ८ समजत होतो.

लष्करवाला
ताई जमलं! इटलीच्या चांदणीच्या पाठीवर नंबर, मग हुद्दा नाईक, मग नाव (आमचंच आडनाव, स्पेलिंग भलतंच) आणि शेवटी महरट्टा असं काहीतरी. म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री?

बेळगाव_पेन्शनर
तीच. म्हणजे तुमचे पणजोबा संस्थानी फौजेत नव्हे, इंग्रजांच्या हिंदी फौजेत होते, दोन्हींचे कागद वेगवेगळे, त्यामुळे ग्वाल्हेर संस्थानच्या दप्तरात शोधून चप्पल झिजवू नका. आता माझा अंदाज, पक्कं नाही हं: आफ्रिकेची चांदणी पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियासाठीही मिळायची. तिसरी बटालियन १९४१ मध्ये तिथल्याच केरेनच्या डोंगरात लढली आणि नंतर इटलीत होती, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस (इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला ते याच बटालियनचे, तेही नाईकच. पण दुसरी बटालियनही आफ्रिकेत होती, ती १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली, आणि माणसं एका बटालियनमधून दुसरीत पाठवत, म्हणून मेडलवरून बटालियन ठरवू नका. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करा: नंबर, नाव मेडलवर आहे त्याच स्पेलिंगने, वडिलांचं नाव, भरतीच्या वेळचं गाव, आणि तुमचं नातं दाखवणारे कागद. भरतीच्या वेळी लोक बरेचदा मूळ गाव सांगायचे, ते ग्वाल्हेर नसेल, कोकण नाहीतर साताऱ्याकडचं असेल तर तेही लिहा. पणजीला फॅमिली पेन्शन होती का?

लष्करवाला
होती! दर महिन्याला आजोबा त्यांना टांग्यातून घेऊन जायचे म्हणे.

बेळगाव_पेन्शनर
मग पेन्शनचं जुनं पुस्तक शोधा, त्यावर सगळं असतं. ते मिळालं तर निम्मं काम झालं.

लष्करवाला
अपडेट: सिंहवालं मेडल सराफ्यातून परत आणलं, त्यांनी एक बाजू घासलीच होती पण कड वाचली, नंबर तोच निघाला. पेन्शनचं पुस्तक आत्याआजीकडे उज्जैनला आहे, तिला फोन केला तर म्हणाली अरे बर्मा तर तात्यांच्या (म्हणजे पणजोबांच्या) धाकट्या भावाचं, हे इटलीलाच होते, तिकडून टोमॅटोची चटणी शिकून आले होते! रविवारी जातोय, पुस्तकही आणतो आणि चटणीही विचारतो.